उघडा खड्डा आणि गोठ्यातील बाटल्या

शास्त्रपाठ : निर्गम २१:३३-३४, लेवीय ११:३२-३३, यहेज्केल ३४:१७-१९.



दहा आज्ञांच्या पाठोपाठ निर्गमाच्या पुस्तकात जे अध्याय येतात, ते आपल्या उपासनेत क्वचितच वाचले जातात. मारका बैल, चरून टाकलेले शेत, काट्याकुट्यांतून पसरलेली आग, उसने आणलेले जनावर अशा गोष्टी त्यांत आहेत, आणि उपदेश करणारास त्या फार घरगुती वाटतात. परंतु ज्या मंडळीतील निम्मी घरे सकाळ-संध्याकाळ दूध घालावयास जातात, त्या मंडळीस हे अध्याय परके वाटण्याचे कारण नाही. आजचा पहिला पाठ त्यांपैकीच आहे. त्याचा भावार्थ असा की, कोणी खड्डा उघडा केला किंवा नवा खणला आणि तो झाकला नाही, व दुसऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने जनावराच्या धन्यास भरपाई द्यावी आणि मेलेले जनावर आपण घ्यावे.

ह्या दोन ओळींत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. खड्डा खणणे हा येथे अपराध ठरविलेला नाही. त्या कोरड्या देशात पाणी साठविण्यास खड्डे लागत. खड्डा नसेल तर माणसे व गुरे तहानेने मरावयाची. म्हणजे खणणाराचा हेतू चांगलाच होता. शेजाऱ्याचे नुकसान करावे असे त्याच्या मनात होते काय, हा प्रश्न शास्त्र विचारीतच नाही. ते एवढेच विचारते की, तू झाकण घातलेस काय? आणि आणखी एक गोष्ट. खणणाराचे काम संपले असेल, तो घरी जाऊन झोपला असेल, तरी शास्त्र त्यास ‘खड्ड्याचा धनी’ असेच म्हणते. आपले काम संपल्याने आपली मालकी संपत नाही.

आता आपण आपल्या कबनुराकडे वळू. येथे एक पाय मागावर आणि एक पाय गोठ्यात अशी घरे फार. मुलगा इचलकरंजीस यंत्रमागावर जातो, सून व सासू दोन म्हशी नाहीतर एखादी संकरित गाय सांभाळतात, आणि दुधाचा पैसा दहा दिवसांनी हाती येतो त्यावर शाळेची फी व वाण्याचे बिल भागते. जनावर आजारी पडले म्हणजे घर आजारी पडते. म्हणून औषधास कोणी मागेपुढे पाहत नाही, आणि पाहूही नये. परंतु कोणत्याही गोठ्यात जाऊन दावणीच्या वरचा कोनाडा पाहा. गोचिडांच्या औषधाची अर्धी बाटली, झाकण चिकटून बसलेली. जंताच्या औषधाची तळाशी उरलेली शिशी. दगडी झाली असता कासेत सोडलेल्या औषधाच्या रिकाम्या नळ्या. सलाइनसारखी लावलेली कॅल्शियमची मोठी बाटली. जखमेवर मारावयाचा निळा किंवा रुपेरी फवारा. दोन सुया, एक टोपणासह आणि एक टोपणाशिवाय. आणि एखादी कुपी अशी की जिचे लेबल शेणपाण्याने गळून गेले असून ती कशाची होती हे घरातील कोणीच सांगू शकत नाही. हा कोनाडा म्हणजे आपला उघडा खड्डा होय. तो खणला तेव्हा हेतू चांगलाच होता.

एका वडिलांनी मला विचारले की, पाळकसाहेब, बाटल्या कोठे टाकाव्या हे सांगण्यास ग्रामसेवक आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत; ह्यात सुवार्तेचा संबंध काय? प्रश्न सरळ मनाने विचारला होता, म्हणून त्याचे उत्तरही सरळ द्यावयास हवे. ती बाटली कोनाड्यातून निघून कोणाच्या हाती जाते, एवढे पाहिले म्हणजे संबंध आपोआप दिसतो.

ती उकिरड्यावर गेली तर शेणखताबरोबर शेतात जाते. लावणीला किंवा भांगलणीला वाकलेल्या बाईच्या तळपायात जी काच वा सुई शिरते ती बहुधा अशीच आलेली असते. ती घंटागाडीत गेली तर गावाबाहेरच्या ढिगावर जाते, आणि तेथे भटकी गुरे प्लास्टिकसकट सर्व चघळतात. शिवाय त्या ढिगात हात घालून भंगार वेचणारी बाई व तिचे लेकरू असते. त्यांच्या हातांत मोजे नसतात. ती ओढ्यात गेली तर पंचगंगेस मिळते. पंचगंगा इचलकरंजीवरून पुढे शिरोळ तालुक्यात उतरते, तेरवाडच्या बंधाऱ्याशी थबकते, आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णेला भेटते. ह्या वाटेवरील प्रत्येक गाव आपल्या खालच्या अंगास आहे. आपण ज्यात धुतो ते त्यांच्या घागरीत येते.

यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर मेंढपाळांना बोल लावतो हे आपणांस ठाऊक आहे. परंतु मेंढपाळांचा समाचार घेऊन झाल्यावर तो मेंढरांकडेही वळतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धष्टपुष्ट मेंढरांना तो विचारतो की, चांगले कुरण चरून झाल्यावर उरलेले पायांनी तुडविता, आणि निवळ पाणी पिऊन झाल्यावर उरलेले गढूळ करिता, हे तुम्हांस थोडे वाटते काय? माझ्या कळपातील बाकीच्यांनी तुमच्या पायांनी घाण केलेले प्यावे काय? येथे दोष पाणी पिण्याचा नाही. दोष पिऊन झाल्यावर जे केले त्याचा आहे. वडिलांच्या प्रश्नास माझे उत्तर हेच आहे.

कोणी म्हणेल की, पंचगंगा काय आमच्या दोन शिश्यांनी नासली? गावांचे व शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रंगपाणी तिच्यात येते, तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगतात ते त्यामुळे. हे खरे आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ आली आणि माणसे दगावली, ती सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्याने. गोठ्यातील औषधाने नव्हे. परंतु ज्या नदीचे एवढे झाले आहे तिच्यात आणखी थेंब टाकण्यास ती सबब कशी होईल? शिवाय काही थेंब फार मोठे असतात. गोचिडांवर जे डेल्टामेथ्रिन आपण आणतो ते योग्य प्रमाणात पाणी घालून लावले असता जनावरास बाधत नाही; पण माशास ते इतके जहरी आहे की एका लिटर पाण्यात मिलिग्रॅमचे काही हजारांश मिसळले तरी मासा मरतो. अर्धी बाटली डबक्यात किंवा ओढ्यात रिकामी केली तर त्या पाण्यातील मासे, बेडूक व किडे ह्यांचे काय होईल ह्याचा हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलानेही करून पाहावा. कारखानदारास बोल लावणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते आपण करावे. मात्र आधी आपली बादली कोठे ओतली ते सांगता आले पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, गोचिडांचे औषध लागेल तेवढेच कालवावे. बाटलीवर लिहिलेल्या मापाने, आणि जनावरे मोजून. एवढे करूनही कालवलेले उरले तर ते मोरीत किंवा गटारात ओतू नये. गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली म्हणजे जनावरावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, दावणीच्या भेगांत जाऊन अंडी घालते. नुसत्या जनावरास औषध लावून गोचीड हटत नाही ते ह्याच कारणाने. उरलेले कालवण गुरे बाहेर बांधून, गव्हाण व पाण्याची टाकी झाकून, त्या फटींत फवारावे. औषध कामी येते आणि टाकावयाचे काही राहत नाही. हातात मोजे व नाकातोंडावर फडके असावे, आणि भिंती सुकल्यावाचून गुरे आत घेऊ नयेत.

आता सुयांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे आपला आळस फार आहे. वापरलेल्या सुईवर टोपण घालू जाणे हीच सुई टोचून घेण्याची नेहमीची रीत आहे. म्हणून टोपण घालण्याच्या खटपटीस लागू नये. जाड प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा एक डबा गोठ्यात ठेवावा, आणि सुई जनावरातून निघाली की सरळ त्यात पडावी. डबा तीन चतुर्थांश भरला म्हणजे झाकण चिकटपट्टीने बंद करावे व त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे. भंगारवाला वाचू शकत नसेल तर तांबड्या रंगाची फुली काढावी.

सुई केवळ टोचते एवढेच नव्हे. ती काय घेऊन टोचते हेही पाहावे. २०१९ साली केंद्र सरकारने लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस ह्या दोन रोगांविरुद्ध देशभर लसीकरण सुरू केले. ब्रुसेलोसिस म्हणजे ज्या रोगाने गाभण गाय मुदतीपूर्वी गाभडते तो. त्यावर चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व रेड्यांस नव्हे, तर कालवडींस व पारड्यांस, म्हणजे माद्यांसच, जी लस देतात तीत रोगाचे जंतू दुबळे केलेले असले तरी जिवंत असतात. कालवडीस ते उपकारक होत. माणसाच्या बोटात तीच सुई शिरली तर त्यास महिनोन् महिने उलटून येणारा ताप व सांधेदुखी होऊ शकते. अशी कुपी अंगणात फेकून द्यावयाची काय? मूल तिच्यात पाणी भरून डॉक्टर-डॉक्टर खेळते. तशी सुई टोचलीच तर वेळ न दवडता साबणाने जागा धुवावी, दवाखान्यात जावे आणि कोणत्या लशीची सुई होती ते डॉक्टरांस सांगावे. ताप आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगणे बरे.

२०२२ साली लम्पी चर्मरोग आला तेव्हाचे आपणांस आठवत असेल. गुरांचे बाजार बंद झाले, अंगावर गाठी उठलेली जनावरे दावणीला उभी राहिली, आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस गावोगाव टोचली गेली. ते काम ज्यांनी उन्हातान्हात केले त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण अशा घाईत रिकाम्या कुप्या व सुया मागे राहतात. ह्याबाबत कायदा स्पष्ट आहे, आणि तो आपणांस ठाऊक असावा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६, हे माणसांच्या इस्पितळांप्रमाणेच जनावरांच्या दवाखान्यांसही लागू आहेत. लसीकरणाची शिबिरेही त्यांत आली. मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत, सुया व पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात, आणि दूषित प्लास्टिक तांबड्या पिशवीत, अशी वाटणी करून तो कचरा त्या कामाकरिता नेमलेल्या केंद्राकडे पाठविणे हे दवाखान्याचे काम आहे. तेव्हा आपल्या गोठ्यात येऊन डॉक्टर किंवा त्यांचा मदतनीस सुई टोचतो, तर ती सुई व ती कुपी त्यांनी आपल्या पेटीतून परत न्यावी, असे नम्रतेने सांगण्याचा आपणांस अधिकार आहे. भांडण करण्याचे कारण नाही. ‘डॉक्टरसाहेब, घरात लहान मूल आहे, एवढे आपल्यासोबत न्याल काय?’ असे म्हटले तर कोणीही सज्जन मनुष्य नाही म्हणणार नाही.

जी सुई आपण स्वतः टोचली, तिचा प्रश्न मात्र उरतो. तो नियम शेतकऱ्याच्या गोठ्यास दवाखान्याप्रमाणे बांधीत नाही. येथे कायद्याने जागा मोकळी सोडली आहे आणि शास्त्राने ती भरली आहे: खड्ड्याचा धनी तू. बंद केलेला डबा आपण दवाखान्यात पोहोचवावा.

आता रिकाम्या भांड्यांकडे येऊ. आजचा दुसरा पाठ लेवीयातील आहे. अशुद्ध प्राण्याचे मढे लाकडी भांड्यावर, वस्त्रावर किंवा कातड्यावर पडले तर ती वस्तू पाण्यात घालावी व संध्याकाळपर्यंत अशुद्ध समजावी. मातीच्या भांड्यात पडले तर ते भांडे फोडून टाकावे, असे तेथे सांगितले आहे. ह्यावरून मोशेस रसायनशास्त्र येत होते असे सिद्ध करू पाहणारे उपदेशक मी ऐकिले आहेत. तसे करणे शास्त्रास शोभत नाही. तो विधी शुद्धाशुद्धतेचा होता आणि ख्रिस्ताच्या ठायी आपण त्या विधीखाली नाही. तरीपण त्यात एक शहाणपण आहे ते घेण्यासारखे आहे. सर्व भांडी सारखी नव्हत. काही धुऊन उपयोगी पडतात. काहींच्या अंगात शिरलेले धुतल्याने जात नाही, आणि ती कोणी पुन्हा चुलीवर ठेवू नयेत म्हणून मोडणेच बरे.

गोचिडांच्या औषधाची बाटली ह्या दुसऱ्या जातीची आहे. औषध संपले म्हणजे तीत बाटलीच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी घालून, झाकण लावून अर्धा मिनिट खळखळून हलवावी, आणि ते पाणी फवारणीच्या बादलीतच ओतावे. असे तीन वेळा करावे. पैसे देऊन आणलेले औषध बाटलीला चिकटून वाया जात नाही हा एक लाभ. मग खिळ्याने बाटलीच्या बुडास व अंगास भोके पाडावी. भोके पाडलेल्या बाटलीत कोणी रॉकेल आणीत नाही, तेल आणीत नाही, आणि शेतावर नेण्याकरिता पिण्याचे पाणी भरीत नाही. फवाऱ्याच्या डब्यास मात्र भोक पाडू नये आणि तो जाळातही टाकू नये. त्यात दाब कोंडलेला असतो व तो फुटतो.

भोक पाडण्याची ही क्षुल्लक गोष्ट इतक्या आग्रहाने का सांगावी, असे वाटेल. १६ जुलै २०१३ रोजी बिहारातील सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन ह्या गावी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले मरण पावली. अन्नाच्या व तेलाच्या तपासणीत मोनोक्रोटोफॉस हे शेतातील कीटकनाशक सापडले, आणि स्वयंपाकाचे तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे असे तपास करणारांचे म्हणणे पडले. तो डबा रिकामा होता, म्हणून तो ‘चांगला’ होता. एलीशाच्या काळी एकाने ओळखू न येणारी रानकाकडी ओटीत भरून आणली आणि भांड्यात चिरली, तेव्हा खाणारांना चव लागताच ते ओरडले आणि वाचले. गंडामनच्या लेकरांस तशी वेळ मिळाली नाही. ते विष पिकावरचे होते आणि आपल्या कोनाड्यातील औषध जनावरांचे आहे हे खरे; परंतु रिकामा डबा धुऊन घरात वापरण्याची सवय दोन्ही ठिकाणी एकच आहे. आपल्याकडे कॅल्शियमच्या मोठ्या बाटलीचे असेच होते. ती स्वच्छ, पारदर्शक व मजबूत दिसते, म्हणून तिच्यात पाणी घेऊन मुले शाळेस जातात. कॅल्शियम काही जहर नाही. पण आज कॅल्शियमची बाटली घेणारा हात उद्या कोणती घेईल ह्याचा नेम नाही. घरात एकच नियम ठेवावा: गोठ्यातील बाटली चुलीजवळ येत नाही.

उरलेल्या औषधांविषयी लोक तीन गोष्टी करितात. जाळितात, पुरितात, किंवा शेजाऱ्यास देतात. जाळण्याने काच फुटते आणि प्लास्टिकचा विषारी धूर त्याच अंगणात फिरतो जेथे आजी बसलेली असते. चुलीच्या किंवा उसाच्या पाचटाच्या आगीत औषध पुरते जळतही नाही. त्यास भट्टीची उष्णता लागते. पुरण्याने औषध नाहीसे होत नाही. ते मुरते, आणि आपली आडे व कूपनलिका त्याच मातीतून पाणी घेतात. कोठे दुसरा उपायच नसेल तर धुऊन भोके पाडलेल्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या, विहीर व ओढा ह्यांपासून दूर, पुराचे पाणी न येणाऱ्या जागी खोल पुराव्या. औषध मुळीच पुरू नये. शेजाऱ्यास देणे हे मात्र प्रीतीचे कृत्य वाटते, म्हणून ते सर्वांत फसवे आहे. ‘आमच्या म्हशीला गुण आला, राहिलेले तुम्ही सोडा’ असे म्हणून कासेतील औषधाच्या दोन नळ्या दिल्या जातात. दोन नळ्यांनी रोग जात नाही, दबतो. आणि त्या थोडक्या मात्रेतून जे जंतू जगले ते पुढे पुऱ्या मात्रेसही जुमानत नाहीत. ते जंतू गोठ्यापुरते राहत नाहीत, धार काढणाराच्या हातावरही येतात. कोलिस्टिन हे माणसांकरिता अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध जनावरांस देण्यास २०१९ साली आपल्या देशात मनाई करण्यात आली, ती ह्याच भयाने. उरलेले, मुदत संपलेले आणि लेबल गेलेले औषध दवाखान्याकडेच जावे.

आता थोडे अवघड सांगावयाचे आहे. बाटली हेच औषधाचे एक भांडे आहे असे नव्हे. औषध टोचले की जनावरही त्याचे भांडे होते. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध जितके दिवस घालू नये असे बाटलीवर लिहिलेले असते, तितके दिवस ते डेअरीत घालणे म्हणजे उरलेले औषध शेजाऱ्याच्या चहात ओतणे होय. ह्याविषयी येथे इतकेच. काही जंतांची औषधे शेणातून बाहेर पडतात आणि शेण मातीत मिसळणाऱ्या किड्यांस मारितात, हेही जाता जाता सांगून ठेवितो. परंतु ह्या बाबतीत आपल्या देशात जे घडले त्याच्यासारखे उदाहरण जगात दुसरे सापडणे कठीण.

आपल्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी गिधाडे पाहिली आहेत. गावाबाहेर ढोर टाकले की आकाशातून ती उतरत आणि काही तासांत हाडे तेवढी राहत. आजच्या मुलांनी ती चित्रातच पाहिली. १९९२ पासून २००७ पर्यंत पंधरा वर्षांत आपल्या देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातील एक उरली. प्रथम कोणास कारण कळेना. भरतपूरच्या रानात डॉ. विभू प्रकाश ह्यांनी ती झाडांवर माना टाकून बसलेली व मरून पडलेली पाहिली. २००४ साली पाकिस्तानातील पाहणीवरून उलगडा झाला. दुखण्यावर व सुजेवर जनावरांस दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारण होते. ते टोचल्यावर जनावर लवकर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती थोड्याच दिवसांत मरत. २००६ साली भारताने जनावरांकरिता ते औषध करण्यास मनाई केली. तरी माणसांकरिता विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांकरिताची कुपीही तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक ह्यांचीही जनावरांसाठी बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस न बाधणारे औषध उपलब्ध आहे. आपल्या डॉक्टरांस तेच मागावे.

गिधाडे गेल्यावर ढोरे कुजत पडली, कुत्री माजली, पाणी नासले. एरिक नव्हे, एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली असा अंदाज मांडला की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ ह्या पाच वर्षांत देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. अंदाज तो अंदाजच; परंतु ज्या शेतकऱ्यांनी ते औषध टोचले त्यांपैकी एकाच्याही मनात गिधाड मारावे असे नव्हते. त्यांस लंगडत्या बैलाची दया आली होती. खड्डा खणणारासही पाणीच हवे होते. म्हणून औषध चालू असता जनावर दगावले तर ते माळावर किंवा ओढ्याकाठी टाकू नये. डॉक्टरांस कळवावे, आणि सहा फूट खोल खड्डा खणून, चुना घालून पुरावे. आणि ह्या खड्ड्यावर माती मात्र भरपूर लोटावी.

मंडळीने काय करावे? केरळात २०२५ साली सरकारने घरोघरची उरलेली औषधे गोळा करण्याचे काम कोळिकोडपासून हाती घेतले आहे. ती औषधे माणसांची आहेत, परंतु रीत शिकण्यासारखी आहे: एक ठरलेला वार, एक ठरलेला डबा, आणि शेवटी भट्टी. आपल्या गावी दूध संस्था हे असे ठिकाण आहे की जेथे प्रत्येक गोठ्यातून कोणीतरी दिवसातून दोनदा येते. तेथे कुलूप लावलेली एक पेटी ठेवावी, महिन्यातून एकदा ती पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचावी आणि तेथील कचऱ्याबरोबर जावी, अशी मागणी आपल्या वडिलांनी संस्थेच्या संचालकांकडे व ग्रामसभेत लेखी करावी. दवाखान्याच्या डॉक्टरांस आधी भेटून त्यांची संमती घ्यावी. त्यांच्यावर न विचारता ओझे टाकणे बरे नव्हे. ही मागणी ख्रिस्ती लोकांची म्हणून करू नये. गोठे सर्वांचे आहेत, आणि मराठा, लिंगायत, जैन व मुसलमान शेजाऱ्यांच्या सह्या आपल्या सह्यांच्या वर आल्या तर अधिकच चांगले.

ते होईपर्यंत घरचा डबा आहेच. तो कोठे ठेवावा ह्याविषयी एक सूचना करून हा धडा पुरा करितो. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या साली पंचगंगेचे पाणी काठच्या गावांत शिरले तेव्हा लोकांनी रात्री दावी कापून गुरे सोडली. कोनाड्यांकडे पाहण्यास कोणास सवड होती? पाणी ओसरल्यावर गाळात काय काय सापडले ते ज्यांनी गोठे साफ केले त्यांस विचारा. म्हणून डबा आढ्याजवळ, मुलांचा हात न पोहोचेल असा टांगावा, आणि मृग लागण्यापूर्वी तो एकदा रिकामा व्हावा. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर प्रत्येक घराने आपला कोनाडा पाहावा. जे निघेल ते लेबलासह, झाकण घट्ट लावून, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावे. सोमवारी सकाळी दोघे वडील सायकलवर नव्हे, तर रिक्षा करून ते दवाखान्यात नेतील. रिक्षाचे भाडे मंडळीच्या पेटीतून द्यावयाचे ठरले आहे.